सैल कासरा

१८ जुलै १९३८, सोमवार. दिवेलागण.

आजपासून रोजनिशी. त्र्यंबकराव म्हणाले, शिकणाऱ्याने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे आपला प्रोग्रेस आपल्याला दिसतो. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पुढचे सगळे लोणावळा स्टेशनात. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला अक्षराचे काम पडत नाही, तरी मी ते राखले. रिटायर होताना साहेबाने माझ्या सहीचे कौतुक केले होते.

विद्या जपानची. कुस्ती नव्हे, हे त्र्यंबकराव पुन्हा पुन्हा सांगतात. ते मुंबईच्या एका कापूस कंपनीच्या कामाने कोबे शहरात होते, तिथे शिकले. पावसाळ्यात तुंगार्लीचे बंगले स्वस्तात मिळतात म्हणून येऊन राहिले आहेत, आणि मोटार नसल्यामुळे गॅरेजमध्ये शिकवतात. फी नाही. मी विचारून खात्री केली.

विद्येचे सार असे. जोर लावायचा नाही. समोरचा ढकलतो, आपण बाजूला व्हायचे. समोरचा ओढतो, आपण त्याच्याबरोबर जायचे. धीर धरायचा. पुढचे आपोआप होते.

हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे हौश्या उभा राहिला.

हौश्या आमचा बैल. वाडीच्या भाद्रपदी पोळ्याला पहिला मान आमच्या घराचा. मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधतात, त्याखालून आधी आमचा बैल जातो, मग गावाचे. रीत अशी की कासरा घराच्या कर्त्याने धरायचा आणि तोरणाखालून जाताना तो सैल पाहिजे. ताणला तर त्या घराला वर्ष वाईट. माझ्या हातात आल्यापासून कासरा कधी ताणला नव्हता. गेल्या वर्षी ताणला. नुसता ताणला नाही, हौश्याने मला तोरणापासून शेजारच्या नथूच्या उकिरड्यापर्यंत नेले. खुबा दिवाळीपर्यंत दुखत होता.

आता सोपान, माझा मुलगा, म्हणतो, आबा, औंदा कासरा मी धरतो, तुमी वट्यावर बसून बगा.

वट्यावर बसून! माझ्या बाबांचा कासरा असाच एका पोळ्याला सुटला आणि माझ्या हातात आला. पुढच्या पोळ्याला बाबा नव्हते. हे मी कोणाला बोलून दाखवलेले नाही. इथे लिहिले, इथेच राहू दे.

संकल्प: रोज प्रॅक्टिस. पोळ्याला हौश्याला दोन बोटांनी नेणार.

२० जुलै.

पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि पेंढा भरलेल्या गोण्यांवर गडगडायचे. मी स्पष्ट सांगितले की मला पाडायला शिकायचे आहे, पडणे मला गेल्या पोळ्यापासून येते. त्र्यंबकराव म्हणाले, आबा, आधी हेच. धीर धरा. धीर धरला. गोण्या ओल्या आहेत. फी का नाही ते कळले.

जोडीदार गेणू. बंगल्याचा माळी, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला पडण्याचा धडा लगेच जमला. पडला की बराच वेळ उठत नाही, इतका जमला.

२१ जुलै.

संकल्प: घरातही जोर लावायचा नाही, आवाजाचासुद्धा. सकाळी लोणच्याच्या बरणीचे झाकण बसले होते. दोन बोटे ठेवून शांत उभा राहिलो. सूनबाई रतन म्हणाली, मामंजी, जेवणं खोळंबल्याती. मग झाकण उघडले. बरणी फुटली ती जुनीच होती.

२३ जुलै, शनिवार.

आज हौश्यावर पहिला प्रयोग. कासरा दोन बोटांत, श्वास पोटात, नजर लांब. हौश्या वैरण खात होता. थांबलो. त्याने पुन्हा वैरण घेतली. पुन्हा थांबलो. पाऊस अंगावर येत होता, तरी थांबलो. इतका धीर मी खंडाळ्याच्या बोगद्यात अडकलेल्या मालगाडीसाठीही धरला नव्हता. शेवटी किंचित ओढले. याला जोर म्हणत नाहीत, आठवण देणे म्हणतात. हौश्यानेही मला आठवण दिली. पायावर पाय ठेवला आणि शिंगाने कोपरी मागून टरकावली.

सोपानची आई दारातून बघत होती. विचारले, लागलं का. म्हटले, हा धड्याचा भाग आहे. तिने फाटकी कोपरी मागून घेतली. तिला या विद्येतले काय कळणार.

सोपान जेवताना म्हणाला, आबा, जपानात बैल हायती का? रतन तोंडाला पदर लावून आत गेली. मी जोर लावला नाही. ताट सरकवले, एवढेच.

२५ जुलै.

हिने कोपरीला पाठीवर ठिगळ लावले आहे. खणाचे, हिरवे, हातभर. वरची बाजू शिवायची राहिली आहे. दोरा संपला म्हणते. रेल्वेची पेन्शन खाणाऱ्या माणसाच्या पाठीवर हिरवे ठिगळ, तेही अर्धवट. पण प्रॅक्टिसला चालेल.

२६ जुलै, मंगळवार. फार महत्त्वाचा दिवस.

चमत्कार झाला. कासरा दोन बोटांत घेतला, पाठ फिरवली, आणि ओढले नाही, बोललो नाही, नुसता चालू लागलो. हौश्या मागे आला. गोठ्यापासून चिंचेपर्यंत आला. चिंचेपासून परत आला. कासरा एवढा सैल की चिखलाला लागला. त्याचे नाक सारखे माझ्या पाठीला टेकलेले. इतका जवळ तो स्वतःच्या आईच्या मागे तरी चालला असेल का?

तीनच दिवसांत! त्र्यंबकरावांना पाच वर्षे लागली होती. त्यांना एकदम सांगणार नाही. माणसाला वाईट वाटते.

३० जुलै.

हौश्या रोज येतो. आज तळ्यापर्यंत आला. वाटेत माझी पाठ चाटत होता. याला श्रद्धा म्हणावे की विद्येचा गुण, त्र्यंबकरावांना विचारले. ते म्हणाले, तुम्ही त्याच्याशी झगडत नाही हे त्याला समजले आहे. बरोबर माझ्या मनातले बोलले.

गेणूलाही आज मी पाच वेळा पाडले. मनगटाला बोट लागले की जातो.

२ ऑगस्ट.

काळजीची गोष्ट. कोपरीत मुंग्या. पाठीवर, ओळीने. काल एक मानेपर्यंत आली. ही म्हणाली, पावसाळा हाय, मुंग्या कुटं न्हाईत? पण सोपानच्या सदऱ्यात नाहीत. माझ्याच का?

स्टेशनातला गार्ड डिसोझा मरायच्या आधी त्याच्या पायाभोवती मुंग्या फिरत. गोडाचा विकार होता.

४ ऑगस्ट.

रात्रभर झोप नाही. तहान लागल्यासारखे वाटले म्हणून पाणी प्यायलो. मग बाहेर जावे लागले. मग पुन्हा तहान. सगळी लक्षणे जुळतात.

५ ऑगस्ट.

दवाखान्यात गेलो. कंपाउंडर म्हणाला, काही विकार नाही, आबा, पाणी कमी प्या. आनंद झाला, पण मग मुंग्या? त्र्यंबकरावांना विचारले. ते म्हणाले, सरावाने शरीर बदलते खरे.

म्हणजे घाम. धीर धरल्याने घाम गोड होत असणार. घरी येऊन मनगट चाटून पाहिले. खारट. बहुतेक फक्त पाठीचा गोड होतो, कारण श्वास तिथून फिरतो. पाठ चाटता येत नाही. पण हौश्या चाटतो, आणि तो काही खारट चाटायला माझ्या मागे तळ्यापर्यंत येणार नाही.

हिला सांगितले. ती म्हणाली, असंल बया. आणि बराच वेळ चुलीत फुंकर घालत बसली. चूल पेटलेली होती.

१३ ऑगस्ट.

गुळाची ढेप संपली. पंचमीच्या आधी आणली होती. सकाळी चहा बिनगुळाचा. रतनला विचारले, गूळ कोण खाते? ती म्हणाली, मामंजी, मी न्हाई खाल्ला, आईंना इचारा. हिला विचारले तर म्हणते, उंदीर. आमच्या घरात कोणी कोणाला खरे सांगत नाही. रतन माहेरी पाठवत असावी. संकल्प: सुनेवर लक्ष ठेवणे, पण जोर न लावता.

२१ ऑगस्ट, रविवार.

विजय. सोपानला म्हटले, चल, बघ. हौश्याला दोन बोटांनी तळ्यावर नेले, पाणी पाजले, परत आणले. वाटेत पाटबंधाऱ्याच्या तिथे मुद्दाम थांबलो, तोही थांबला. सोपान बघतच राहिला. नथू बांधावरून ओरडला, आबा, बैलाला काय भानामती केली काय वो?

सोपानने कपाळावरचे पाणी पुसले आणि म्हणाला, ऱ्हायलं आबा, कासरा तुमीच धरा. पर तोरणापाशी जपून. गेल्या साली तुमाला उचलून आणताना माज्या हातापायातलं बळ गेलतं.

उचलून आणले नव्हते. मी निम्मे चालत आलो होतो. पण आज ते काढले नाही. जिंकलेल्या माणसाने जोर लावू नये.

एक मात्र खटकले. इतक्या लवकर का मानला? मी त्याच्या जागी असतो तर मानलो नसतो.

३० ऑगस्ट.

दगा. गॅरेजचे दार पावसाने फुगून बसले. त्र्यंबकराव आम्हाला म्हणाले, बघा, दार ढकलत नाही, दाराबरोबर जायचे. त्यांनी दोन बोटे ठेवली. श्वास घेतला. दार नाही. पुन्हा श्वास. गेणू म्हणाला, साहेब, खालून लाथ घाला, ते तसंच उगडतं. ते म्हणाले, गेणबा, धीर. मग एकदम त्यांनी जपानी भाषेत काहीतरी म्हटले आणि धावत जाऊन खांदा घातला. दार उघडले. खांदा निखळला.

पाच वर्षे कोबेला राहून दाराशी हे. हाडवैद्याकडे जाताना म्हणाले, आबा, दार हा अपवाद समजा.

६ सप्टेंबर.

त्र्यंबकराव मुंबईला गेले. खांदा झोळीत. निरोप म्हणून सांगितले, तुम्हाला पडणे छान जमले आहे, ते सोडू नका. इतक्या आठवड्यांनी गुरू शिष्याला हे सांगतो! हौश्याबद्दल एक शब्द नाही. मनाला लागले. बंगल्याला कुलूप. आता या तालुक्यात ही विद्या जाणणारा मी एकटा.

११ सप्टेंबर, रविवार.

आता गेणूचे. प्रॅक्टिस बंद पडू नये म्हणून त्याला आमच्या अंगणात बोलावले. अंगणात गोण्या नाहीत. मनगट धरले, बोट लावले. गेणू उभाच. पुन्हा लावले. उभाच. म्हटले, पड की. म्हणतो, हितं चिखल हाय. म्हटले, विद्येपुढे चिखल काय करणार? मग तो बोलला. आबा, खरं सांगू का, राग धरू नगा. त्या गोण्यांवर पाठ टेकाया बरं वाटायचं. दिसभर वाकून कंबार मोडती. पडलं की कुणी उटवत न्हवतं.

म्हटले, म्हणजे सगळ्या वेळा तू मुद्दाम? म्हणाला, सगळ्या न्हाई. एकदा तुमी पायावर पाय दिलता तवा खरा पडलो.

पन्नास वर्षांची दोस्ती. मी त्याला चहा न देता पाठवले. गूळ नाही असे हिने सांगितलेच होते, पण तो मुद्दा नाही.

१२ सप्टेंबर.

विचार केला. गुरू गेला, दोस्त खोटा निघाला, सून गूळ खाते, मुलगा संशय येण्याइतका लवकर मानतो. राहिला हौश्या. माणूस खोटा पडू शकतो, बैल खोटा चालू शकत नाही. आज तो देवळापर्यंत आला, नाक पाठीला लावून. त्याच्या भरवशावर आहे.

१७ सप्टेंबर.

बाबांचे स्वप्न पडले. ते वट्यावर बसले होते आणि हात कासरा धरल्यासारखा मुठीत होता, पण मुठीत काही नव्हते. उठून खुबा दाबून पाहिला. छाती दाबून पाहिली. सगळीकडे थोडे थोडे दुखते.

हौश्याला दुपारी दोनदा नेऊन आणले. सैल.

२२ सप्टेंबर, गुरुवार. खांदेमळणी.

संध्याकाळी हौश्याच्या खांद्याला हळद-तूप चोळले. हिने ओवाळले आणि रीतीप्रमाणे म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हौश्याने माझ्या पाठीत नाक घातले. सगळे हसले. मी हसलो नाही. उद्याचा मामला गंभीर आहे.

रात्री जेवताना भांडण. मी म्हटले, उद्या रेल्वेचा काळा कोट घालणार, पितळी बटणांचा. ही म्हणाली, कोपरीच घाला. म्हटले, सगळ्या वाडीपुढे हिरवे ठिगळ घेऊन जाऊ? म्हणाली, हौश्याला कोपरीची सवं झाली. म्हटले, हौश्याला माझी सवय झाली, कपड्याची नाही. ती म्हणाली, औंदाच्या साली ऐका माजं. डोळ्यांत पाणी आणले. का, ते मला समजले. सोपान नवा सदरा घालणार आणि बाप ठिगळात दिसणार, मग लोक म्हणणार, म्हाताऱ्याचे दिवस भरले. घरातलेच माणूस असे.

शेवटचे म्हणाली, मग कोटावर तरी कोपरी घाला. मी हात धुवायला उठलो. धीर.

कोपरी खुंटीला. कोट परटाकडून इस्त्री करून आणला आहे. बटणे राखेने घासली.

२३ सप्टेंबर, शुक्रवार. पोळा. सकाळ.

पाऊस थांबला आहे. हौश्याची शिंगे हिंगुळाने रंगवली, झूल घातली, बाशिंग बांधले. त्याआधी बैल धुवायला सोपान तळ्यात उतरला तो नव्या सदऱ्यासकट चिंब झाला. ही पुरणात गुंतली आहे. कोट अंगात नीट बसतो. दोन बोटे, श्वास, नजर लांब. आज बाबा बघत असतील तर बघू देत.

संध्याकाळ.

आज लिहिणार नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार. दुपार.

काल झाले ते लिहितो. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरे लिहायला हरकत नाही.

हलगी लागली. आमच्याकडे बैलापुढे घरातला एक माणूस तांब्याने पाण्याची धार धरत चालतो. ते सोपानचे काम. त्याचा सदरा ओला, म्हणून त्याने खुंटीवरची माझी कोपरी घातली होती. मी पाहिले, पण काही वाटले नाही. उलट बरे वाटले. ठिगळ त्याच्या पाठीवर आणि पितळी बटणे माझ्या छातीवर.

गोठ्यातून निघालो तेव्हा सोपान अजून आडावर पाणी भरत होता. हौश्या दोन पावले आला आणि थांबला. मी पाठ फिरवली, चालू लागलो. तो आला नाही. नाकाने माझ्या कोटाचा वास घेतला आणि फुर्र केले. लोक बघत होते. श्वास पोटात घेतला. तेवढ्यात सोपान तांब्या घेऊन पुढे आला, आणि हौश्या निघाला. मी मनात म्हटले, आली विद्या.

देवळापर्यंत सगळे ठीक. पुढे सोपान, मग मी, मग हौश्या. फक्त तो चालत होता घाईने. तोरणाच्या अलीकडे त्याने नाक वर केले आणि मला खांद्याने बाजूला सारून पुढे झाला. समोर सोपानच्या पाठीवर हिरवे ठिगळ.

कासरा बोटांत ताणू लागला. तोरण चार हातांवर. गेल्या वर्षी इथेच मी तो दोन्ही मुठींनी आवळला होता. समोरचा ओढतो, त्याच्याबरोबर जा. पण हौश्याबरोबर जाण्याइतके पाय आता नाहीत. ताणला तर घराला वर्ष वाईट. घरात सोपान, रतन, ही.

बोटे उघडली. मी कासरा सोडला असे कोणी म्हणू नये. बोटे उघडली.

कासरा हौश्याच्या झुलीवर पडला आणि तसाच तोरणाखालून गेला. एवढा सैल वाडीने कधी पाहिला नसेल. हलगीवाल्याचा ठोका चुकला. नथू ओरडला, आरं, धरल्याबिगार चाललाय सोपानच्या मागं! मान सोपानचा रं! आणि सगळ्यांनी ते उचलले. सोपान मागे वळून बघतो तो बैल त्याच्या पाठीला तोंड लावून उभा, आणि मी तोल जाऊन चिखलात.

पडणे मात्र बरोबर झाले. हनुवटी छातीला, पाठ गोल. एक बटण गेले. खुबा दुखत नाही. हे त्र्यंबकरावांना कळवायचे नाही.

गेणूने हात देऊन उठवले. कानात म्हणाला, लय झ्याक पडला, आबा. माज्यापरीस झ्याक.

आज सकाळी कोपरी पुन्हा खुंटीला होती. पाठीची बाजू ओली, बैलाच्या लाळेने चिकट, आणि मुंग्या. ठिगळाच्या उघड्या बाजूने बोटे आत घातली. गूळ.

चुलीपाशी गेलो. हिला दाखवले, हे काय? तिने मान वर केली नाही. म्हणाली, गूळ. म्हटले, ते मलाही दिसते, कधीपासून? म्हणाली, तुमच्या पायावर हौश्यानं पाय दिला तवापासनं रोज. लय गूळ गेला, बया. म्हटले, रोज? म्हणाली, रोज औंदाच. आदी फकस्त पोळ्याला. आदी पटक्याच्या शेवाला बांदायची, तुमी टोपी घालाया लागला तवापासनं कोपरीत.

आधी म्हणजे कधी, हे विचारायला नको होते. विचारले. ती म्हणाली, तुमच्या हातात कासरा आला त्या सालापासनं. आत्याबाईंनी मरायच्या आदी सांगितलं व्हतं. त्या मामंजींना तसंच बांदायच्या.

गेल्या वर्षी? म्हणाली, गेल्या साली मी तळेगावला न्हवते का, आपल्या लेकीच्या, शालूच्या बाळंतपणाला? रडली मी, तुमचं ऐकून.

मी पाटावर बसलो. पोळ्यामागून पोळे आठवले. प्रत्येक वर्षी सैल. प्रत्येक वर्षी लोक म्हणाले, अंबाजीचा हातच तसा. मी शिपायांना सांगितले, स्टेशन मास्तरला सांगितले, त्र्यंबकरावांना पहिल्याच दिवशी सांगितले.

म्हटले, मला का नाही सांगितलेस? म्हणाली, सांगितलं आसतं तर तुमी घेतला आसता व्हय?

सोपानला ठाऊक आहे का? म्हणाली, त्याला कशाला. रतनला सांगितलंय कवाच.

म्हणजे रतन गूळ खात नव्हती. तिच्याबद्दल लिहिलेले खोडावे का, विचार करतो.

मग दुसरे आठवले. बाबांचा कासरा सुटला ते साल. आई त्याच श्रावणात गेली होती. सुनेने सासऱ्याच्या पटक्याला हात लावायची रीत नाही, म्हणून त्या पोळ्याला बाबांच्या पटक्याला कोणी काही बांधले नव्हते. इतकी वर्षे मला वाटत आले की कासरा गेला म्हणून बाबा गेले.

मग हिला विचारले, तुझा खोकला कसा आहे? ती म्हणाली, कसला खोकला? म्हटले, परवा खोकत होतीस. म्हणाली, ओल्या लाकडाचा धूर हाय, जावा भाईर. बाहेर गेलो. पुन्हा आत येऊन पाहिले. ठीक दिसते. तरी सोमवारी कंपाउंडरकडे नेतो. संकल्प.

संध्याकाळ.

ठिगळात एक खडा राहिला होता. गोठ्यात गेलो. कोट नाही, कोपरी नाही, उघड्या अंगानेच. खडा तळहातावर धरला. हौश्या आला, खाल्ला, हात नीट चाटला, आणि गूळ संपल्याबरोबर पाठ फिरवून वैरणीकडे गेला.

या घरात सरळ वागणारा तेवढा एकच आहे.